न्यायाधीश मॅडमचा नंबर

मी काल्पनिक नाही, हे आधी स्पष्ट करतो. माझं नाव पोपटराव गवारे. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शिरूरला स्वतःचं घर आहे, दारावर पितळेची पाटी आहे आणि उजवा गुडघा दुखतो. काल्पनिक माणसाचा गुडघा दुखत नाही. हे सगळं मी त्या टीव्ही चॅनेलच्या मुलीला फोनवर सांगितलं, तरी तिचं आपलं एकच. "सर, मालिकेतली सर्व पात्रं, घटना आणि नंबर काल्पनिक आहेत. साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा."

मी समजून घेतो हो. पण उदगीर, अक्कलकोट आणि मालेगावची माणसं समजून घेत नाहीत, त्यांचं काय करायचं?

आमच्या घरी दिवेलागणीला 'पदर आणि हातोडा' नावाची मालिका लागते. नायिका न्यायाधीश ऊर्मिला सरदेशमुख. नवरा परदेशात गेला आणि तिकडंच रमला. पदरात ओजस नावाचा मुलगा. बाई दिवसा खुनाचे खटले चालवते, संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेते आणि मधल्या वेळात सासूचे टोमणे ऐकते. नवरा सोडून गेल्यावर सासू हिच्याच घरात कशी काय राहते, असं मी बायकोला, आमच्या गिताला, एकदा विचारलं. ती म्हणाली, "मग मालिका कशी चालणार?" बरं, तेही सोडलं. पण बाई स्वतःच्या नणंदेचा खटला स्वतःच चालवते हे मात्र मला बघवेना. अहो, मेव्हण्याच्या शेतावरच्या चारीला पाणी सोडायचं होतं तेव्हा मी वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली होती. मेव्हणा अजून माझ्याशी धड बोलत नाही. नियम म्हणजे नियम. तेव्हापासून मी टीव्हीकडं पाठ करून जेवतो.

त्या संध्याकाळीही पाठ करूनच जेवत होतो. मालिकेत ऊर्मिला मॅडमना एसटी स्टँडवर एक रडणारी सासुरवाशीण भेटली. मॅडमनी तिचे हात हातात घेतले. पार्श्वसंगीत वाजलं. मॅडम म्हणाल्या, "घाबरू नकोस. हा माझा नंबर. कधीही फोन कर." आणि त्यांनी दहा आकडे सांगितले. सावकाश. त्या सासुरवाशिणीनं ते पुन्हा म्हणून दाखवले, कारण मालिकेत कुठलीच गोष्ट एकदा सांगून भागत नाही.

गिताच्या हातातली पळी आमटीत पडली. "अहो," ती म्हणाली, "हा तर तुमचा नंबर!"

मी भाकरीचा तुकडा तोंडात घालणार तोच फोन वाजला. पलीकडून थरथरता आवाज आला. "ऊर्मिला मॅडम बोल्ताय का?"

आवाज शेजारच्या लालबीचा होता. भिंतीतूनही ऐकू येत होता.

"लालबी, मी पोपटराव."

"भाऊ?" ती दचकली. "तुम्ही तिथं काय करताय?"

तिची समजूत घालेपर्यंत पुढचा फोन. मग त्याच्या पुढचा. उदगीरच्या एका गृहस्थांनी मॅडमना बोलवा म्हणून सांगितलं. मी म्हणालो, इथं कुणी मॅडम नाहीत. त्यांचा आवाज चढला. "मग तुम्ही कोण? तुम्हीच का ते परदेशातले? सोन्यासारखी बाई आन् लेकरू टाकून जायला लाज नाही वाटली?"

"अहो, मी पोपटराव."

"नाव बदललं म्हणून आम्ही ओळखणार नाही होय?" आणि फोन आपटला.

मी जन्मात परदेशी गेलेलो नाही. एकदा प्रशिक्षणाला नाशिकला गेलो होतो, तेव्हाही गिता बरोबर होती. पण हे सांगायला उदगीरचा माणूस फोनवर थांबायला हवा ना! पाठोपाठ अक्कलकोटच्या एका बाईंनी पुरुषाचा आवाज ऐकून वेगळाच अर्थ काढला. "मॅडमच्या घरी ह्या वेळेला कोण पुरुषमाणूस? आम्ही त्यांना देवीसारखं मानत होतो." म्हणजे एकाच संध्याकाळी निम्म्या महाराष्ट्राच्या लेखी मी बाईला सोडून गेलेला होतो आणि उरलेल्या निम्म्याच्या लेखी बाईच्या घरात शिरलेला. ज्या माणसाच्या चारित्र्यावर खात्याच्या गोपनीय अहवालात कुणी शाईचा ठिपका पाडला नाही, त्याची ही गत.

सकाळी सल्ले देणारे जमले. सल्ल्याच्या बाबतीत आमची गल्ली समृद्ध आहे. समोरच्या घरातले आण्णा तर कुणी बोलवायच्या आतच येतात. ते पायरीवर बसून म्हणाले, "पोपटराव, फोन बंद ठेवा."

"पेन्शनचा मेसेज त्यावरच येतो."

"मग चालू ठेवा," आण्णा म्हणाले, आणि एक समस्या सोडवल्याच्या थाटात चहा मागितला.

लालबीचा मुलगा मेहमूद बाजारपेठेत मोबाईलचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "काका, नवीन नंबर घ्या. पाच मिन्टाचं काम." पाच मिनिटांचं काम म्हणून मी त्याच्या दुकानात गेलो. तेव्हा कळलं की माझा नंबर माझा नसून मीच त्या नंबरचा आहे. बँक त्याला बांधलेली, पेन्शन त्याला बांधलेली, गॅस, वीज, शेताचा उतारा, झाडून सगळं. नंबर बदलायचा तर आधी आधार कार्डावर बदला, असं ठरलं. आधार केंद्रात अंगठा ठेवायला सांगितला. मशीननं माझा अंगठा नाकारला. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, डावा ठेवला. तिथला मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या अंगठ्याला रेघाच राहिल्या नाहीत." म्हणजे चॅनेलच्या लेखी मी काल्पनिक आणि सरकारच्या लेखी माझा अंगठा काल्पनिक!

पोलीस ठाण्यातही गेलो. हवालदार तरुण होते आणि अत्यंत सभ्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग बाजूला जाऊन स्वतःच्या घरी फोन लावला. "अगं, ऊर्मिला मॅडमचा नंबर ज्यांच्याकडं आहे ना, ते आलेत इथं." मग मला चहा पाजला आणि म्हणाले, "काका, गुन्हा काय लिहू? एका बाईनं दुसऱ्या बाईला मदत करायचं कबूल केलं, हा काय गुन्हा झाला?" तसं बघितलं तर त्यांचं खरं होतं. त्यामुळं मला जास्तच राग आला.

राहता राहिलं चॅनेल. तिथल्या मुलीनं सुरुवातीला जे काल्पनिकपणाचं सांगितलं ते मी वर लिहिलंच आहे. शेवटी तिनं तक्रार नोंदवून घेतली. आमचे अधिकारी तुम्हाला याच नंबरवर संपर्क करतील, म्हणाली. संध्याकाळी मेसेज आला, 'आपला फोन सतत व्यस्त असल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.'

मी तो मेसेज गल्लीत प्रत्येकाला वाचून दाखवला. हसू नये तिथं सगळे हसले.

आता खरी गंमत, म्हणजे लोकांच्या दृष्टीनं गंमत, पुढं आहे. माझा आवाज ऐकून लोक शिव्या देतात म्हणून गितानं फोन आपल्याकडं घेतला. तिनं 'चुकीचा नंबर' असं सांगून ठेवून द्यावा एवढीच माझी अपेक्षा होती. पहिल्या दिवशी तिनं तसं केलंही. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आलो तर ती ओट्याला टेकून म्हणत होती, "मग तू काय उत्तर दिलंस त्यांना? काहीच नाही? अगं बाई!" तव्यावर पोळी जळत होती. तिसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात रीतसर कामकाज सुरू झालं. लालबी मांडी घालून शेजारी बसायची आणि एखाद्या सासूची बाजू फारच वाईट असली की तोंडावर हात ठेवायची. मी जेवायला मागितलं की दोघी मला हातानंच थांबवायच्या.

एकदा मी अंघोळीला गेलो, गिता दळण आणायला. फोन पायरीवर बसलेल्या आण्णांच्या हाती लागला. मी बाहेर येतो तर आण्णा गंभीर आवाजात सांगत होते, "मॅडम आज रजेवर आहेत. तुम्हाला पुढच्या महिन्यातली तारीख देतो." मी टॉवेलवरच त्यांच्या हातून फोन हिसकावला. तोवर त्यांनी सात-आठ जणांना तारखा देऊन ठेवल्या होत्या. वर मला म्हणाले, "लोकं खूश झाली हो! तारीख मिळाली की माणसाला बरं वाटतं."

अशा वातावरणात एका दुपारी तो फोन आला. गिता झोपली होती म्हणून मी उचलला, आणि समोरच्याला बोलू न देता सुरू झालो. "मॅडम इथं नाहीत. कधी नव्हत्या. ती मालिका आहे, सगळं खोटं असतं, आणि मी त्यांचा नवरा नाही!"

"ठावं हाय मला," पलीकडून एक बाई म्हणाली. आवाजामागं यंत्रांची घरघर होती. "टीव्हीतली बाई कुठं खरी आसती व्हय?"

मी गडबडलो. "मग फोन कशाला केलास?"

"कुनीतरी उचलतंय म्हनून."

मी आरामखुर्चीत बसलो.

तिचं नाव करिश्मा. कुरकुंभच्या एमआयडीसीत गोळ्या-औषधांच्या पॅकिंगला कामाला होती, दौंडात एका खोलीत भाड्यानं राहत होती. सासर तळेगाव ढमढेरेचं. नवरा पप्पू, त्यांची भाजीपाल्याची शेती. नोकरी सोड असं सासरच्यांनी सांगितलं, ती नाही म्हणाली, तर तिला घराबाहेर काढलं आणि चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली. अक्षदा. दिवाळीपासून तिनं पोरीला पाहिलं नव्हतं. दौंडच्या कोर्टात अर्ज केला होता, सरकारकडून वकीलबाईही मिळाल्या होत्या.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं. एव्हाना गिता उठून दारात आली होती.

"मागल्या तारखेला ती समदी जीप भरून आली. मी येकलीच. जजबाईंनी मला इचारलं, तर माझ्या तोंडातनं आवाजच फुटंना. वकीलबाई म्हनल्या, आसं केलंस तर कसं व्हायचं? भाऊ हाय मला, पर त्यो म्हनतो तुझं तू निस्तर. आता बेस्तरवारी तारीख हाय. तुमच्यातलं कुनी यील का? बोलायचं काय न्हाई. निस्तं माझ्या बाजूला हुबं राह्यचं."

मी तिला नीट समजावणार होतो की बाई गं, आम्ही कोण, आमचा तुझ्याशी काय संबंध, आम्ही मध्यमवर्गीय निवृत्त माणसं. तेवढ्यात गितानं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "येतो आम्ही. किती वाजता?"

फोन ठेवल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, "ना ओळख ना पाळख! कोर्टाची पायरी मी उभ्या आयुष्यात चढलो नाही."

"तुमच्या नंबरवर आलीये ना ती? मग तुमचीच ओळख."

"माझ्या नंबरवर अख्खा महाराष्ट्र येतोय!"

"बाकीच्यांना मॅडम हव्यात. हिला माणूस पाहिजे." आणि ती कुकर लावायला आत गेली. संपलं. अपील नाही.

आण्णांनी सल्ला दिला की परक्याच्या भानगडीत अजिबात पडू नका, आणि गुरुवारी सकाळी तेच इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी गाडीपाशी उभे. लालबीला खरी लेडी जज बघायची होती. तिनं डबाभर शिरखुर्मा घेतला. कोर्टात कुणी शिरखुर्मा नेतं का? पण विचारायची सोय नव्हती. गाडी मेहमूदची होती. न्हावरे, चौफुला, पाटस करत आम्ही दौंड गाठलं. वाटेत तिघं मला माझ्याच फोनवरच्या केसेस समजावून सांगत होते.

कोर्टाच्या आवारात करिश्मा दिसली. कंपनीचा निळा ड्रेस घातलेली, रात्रपाळी करून थेट आलेली. आमच्याकडं बघून तिचा विश्वासच बसेना. "एवढी समदी?" ती म्हणाली आणि गिताच्या पाया पडायला वाकली. गितानं तिला अर्ध्यातच धरलं.

पलीकडं ती जीप उभी होती. खरंच भरून आली होती. माणसं झाडाखाली तंबाखू मळत उभी. आम्ही वकीलबाईंशी बोलेपर्यंत लालबी गायब झाली. बघतो तर व्हरांड्यातल्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसून गप्पा ठोकत होती. बाईच्या मांडीवर एक लहान मुलगी बिस्किट खात होती. विषय अर्थातच 'पदर आणि हातोडा'.

म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. "त्या ओजसला आयीपासनं तोडलं ना बया, त्या दिशी मला घास गेला न्हाई. लेकराची आन् आयीची ताटातूट करनाऱ्याचं कवा भलं व्हत न्हाई बघ."

"सच्ची बात हाय तुळजाबाई," लालबीनं तिला शिरखुर्म्याची वाटी दिली. "ही कुणाची?"

"नात माझी. अक्षदा." तुळजाबाईंनी पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "आय न्हाई वो तिला."

करिश्मा दहा पावलांवर उभी होती. पोरगी बिस्किट खायची थांबून तिच्याकडं बघत होती.

मी शांत माणूस आहे. पाणी चोरणाऱ्या बागायतदारांनाही मी अहो-जाहो करून नोटीस दिली. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. "आई नाही?" मी ओरडलो. सगळा व्हरांडा वळला. "मग ती तिथं उभी आहे ती कोण आहे? टीव्हीतल्या पोराची आई तुटली तर तुमच्या डोळ्याला धार लागते, आणि स्वतःच्या सुनेला जिवंतपणी नाहीशी करताय? तो ओजस काल्पनिक आहे, बाई! त्याला शूटिंग संपल्यावर त्याची आई गाडीतून घरी नेते! तुमच्या मांडीवर बसलीये ती खरी आहे!"

जीपमधली माणसं झाडाखालून पुढं आली. आण्णा माझ्या मागं सरकले आणि मागूनच म्हणाले, "बरोबर आहे!" तुळजाबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. तेवढ्यात आतून पुकारा झाला आणि आम्ही सगळे, दोन्ही पक्ष, एकमेकांना ढकलत आत गेलो.

न्यायाधीश बाई होत्या. चष्मा, गळ्याला पांढरा बँड, आणि बहुतेक सर्दी झालेली, कारण त्या मधून मधून रुमाल नाकाला लावत होत्या. कुठं हातोडा नाही, कुठं संगीत नाही. लालबीचा चेहरा उतरला. समोरचे वकील पुढची तारीख मागत होते, बाई कागद चाळत होत्या, आणि कोर्टात इतकी शांतता पसरली होती की पंख्याचा आवाज येत होता.

त्या शांततेत माझा फोन वाजला.

गाडीतून उतरल्यावर फोन बंद करायचा, हे गितानं मला बजावलं होतं. पण व्हरांड्यातल्या प्रकारात राहून गेलं. मी खिशात हात घालून तो दाबायला गेलो तर बोट उचलायच्या बटणावर पडलं, आणि स्पीकरवरून एक बाई ओरडली, "हॅलो! जज मॅडम हायेत का?"

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाचा फोन आहे तो?"

मी उभा राहिलो. खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं सांगायला वेळ नव्हता. जे तोंडातून निघालं ते असं. "मॅडम, तुमच्यासाठी आहे."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून कान तापतात. शिपायानं फोन काढून घेतला. मला बाहेर उभं राहायला सांगितलं. कालवा निरीक्षक पोपटराव गवारे, शाळेतही कधी वर्गाबाहेर उभे न राहिलेले, दौंड कोर्टाच्या दाराबाहेर उभे. पण दार ओढून घेता घेता मला एक दिसलं. करिश्मा हसत होती. ओठ दाबून, खाली मान घालून, खांदे हलेपर्यंत हसत होती. आणि न्यायाधीश बाईंनी रुमाल नाकाऐवजी तोंडाला लावला होता.

आतलं मला गितानं नंतर सांगितलं. बाईंनी करिश्माला विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय? आणि ती बोलली. सलग बोलली. पाळ्या कशा बदलून घेतल्यात, शेजारची मावशी पोरीला कशी सांभाळेल, खोलीजवळची अंगणवाडी कुठली, सगळं. नोकरी का सोडत नाही असं समोरच्या वकिलांनी विचारलं, तर म्हणाली, "सोडली तर पोरीला काय खायाला घालू? आन् नवऱ्याला कुनी इचारतं का, शेती का सोडत न्हाई म्हनून?" बाईंनी तारीख दिली नाही. पोरीला आपल्या खोलीत नेऊन थोडा वेळ बोलल्या, आणि दुपारनंतर हुकूम सांगितला. इतक्या हळू आवाजात की लालबीला तो वकीलबाईंकडून समजून घ्यावा लागला. अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडं. बापानं आणि आजीनं दर रविवारी भेटायला जायचं.

मी बाहेर माफीनाम्यावर सही करून फोन सोडवत होतो, तोवर आवारात पोरीची देवघेव सुरू झाली होती. ती मी पाहिली. पाहायला नको होती असं वाटतं. पोरगी आजीच्या गळ्यातून सुटेना. जीपमधली माणसं कुजबुजली, "बघा, पोरगीच जात न्हाई!" करिश्मा पुढं होऊन ओढेल असं मला वाटलं. तिनं ओढलं नाही. ती तिथंच फरशीवर उकिडवी बसली आणि नुसती "अक्षू" म्हणाली. पोरगी बघत राहिली. मग तुळजाबाईंनीच एकेक करून तिची बोटं स्वतःच्या गळ्यातून सोडवली आणि तिला खाली ठेवलं.

पोरीच्या कपड्यांची पिशवीही त्यांनी करिश्माच्या हातात दिली. तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "रातच्याला घाबरती. लाइट चालू ठेव. आन् दूध कोमट लागतं तिला, गरम न्हाई."

"व्हय आत्या," करिश्मा म्हणाली.

"आये, चल!" पप्पू जीपमधून ओरडला. म्हातारी जागची हलली नाही. पोरगी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. पप्पूनं दोनदा हॉर्न वाजवला आणि रागाच्या भरात जीप काढली. एवढी जीपभर माणसं, पण त्यात एकाला वाटलं नाही की म्हातारी मागं राहिलीये.

आणि मग आमच्या गितानं काय केलं असेल? "तळेगाव वाटेतच पडतं की," असं ती म्हणाली. वाटेत पडत नाही! न्हावऱ्यावरून चांगला वळसा आहे. मी हे स्पष्ट सांगितलं. शिवाय हीच ती बाई, जिच्यामुळं मी सबंध कोर्टासमोर अपमानित झालो. ऐकून कोण घेतंय? लालबीनं तिला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं सुद्धा. आण्णा दाराला चिकटले. मी पुढं बसलो आणि मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं.

पाटस गेलं, चौफुला गेला. लालबीनं शिरखुर्म्याचा उरलेला डबा पुढं केला, तो तसाच परत गेला. अंधारून आलं तेव्हा मागून तुळजाबाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"दूध पिली आसंल का वो ती?"

गितानं मागून हात घालून माझ्या सदऱ्याच्या खिशातला फोन काढला. माझा फोन, मला न विचारता. करिश्माला लावला आणि म्हातारीच्या कानाला धरला. पलीकडं करिश्मा काही बोलली, मग पोरीचा आवाज गाडीभर झाला. "आजे, तू कवा येनार?"

"ऐतवारी," तुळजाबाई म्हणाल्या. "ऐतवारी येती ना बाय. दूध पिलीस का? समदं?"

न्हावऱ्याच्या अलीकडं एक खोलगट पट्टा आहे, तिथं रेंज जाते. खात्यात असताना मी तिथं कित्येकदा फोन हातात घेऊन उभा राहिलोय. "मेहमूद, गाडी थांबव," मी म्हणालो. "इथंच. पुढं आवाज तुटेल."

त्यानं गाडी कडेला घेतली. तेवढ्यात मागून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, आणि वर लावलेल्या भोंग्यांवर कानठळ्या बसतील अशी गाणी. म्हातारीनं दुसऱ्या कानावर हात दाबला. मला राहवेना. दार उघडून मी खाली उतरलो आणि रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा राहिलो. ट्रॅक्टर कचकन थांबला.

"बंद कर ते!" मी ओरडलो. "गाणी बंद कर! इंजिन पण!"

ड्रायव्हरनं घाबरून सगळं बंद केलं. उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू यायला लागली, आणि गाडीच्या उघड्या दारातून तुळजाबाईंचा आवाज. फ्रॉक पिशवीच्या कुठल्या कप्प्यात ठेवलाय ते त्या पोरीला सांगत होत्या.

ड्रायव्हर वाकून गाडीकडं बघायला लागला. "काय झालं आबा? कोन हाय आत? तुमची कोन लागती?"

"माझी कुणी लागत नाही," मी म्हणालो, आणि समोरून येणाऱ्या ट्रकला थांबायचा हात केला.